अ‍ॅडव्हान्स्ड टेस्ट कधीच झालीये, आता यूकेत ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर व्हायचंय, कितपत अवघड आहे?

चौथा_गिअर
मंडळी, इकडे यूकेत कोणी एडीआय आहे का, म्हणजे डीव्हीएसएच्या (ड्रायव्हिंग टेस्ट घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या) रजिस्टरवरचे इन्स्ट्रक्टर? माझं वय ४६, गाडी चालवून २० वर्षं होऊन गेली, ६ वर्षांपूर्वी आयएएम या रस्ता-सुरक्षा संस्थेची, साध्या लायसन्सच्या वरची अ‍ॅडव्हान्स्ड टेस्ट पास झालो आणि तेव्हापासून लोकल ग्रुपमध्ये ऑब्झर्व्हर म्हणून रविवारी सकाळी फुकटात त्याच टेस्टची तयारी करणाऱ्या लोकांच्या शेजारी बसतोय. ऑफिसात आता व्हॉलंटरी रिडंडन्सी (पैसे घेऊन आपणहून नोकरी सोडायची सोय) देतायत, तर म्हटलं शेजारी बसायचंच आहे तर पैसे घेऊनच का बसू नये.

तीन परीक्षा असतात एवढं वाचलंय. थिअरी करीन. दुसरी स्वतःच्या ड्रायव्हिंगची, ती तर डाव्या हातचा मळ (हसू नका). तिसरी शिकवण्याची, त्यात ऑब्झर्व्हरचा अनुभव आहेच की. मग ते ट्रेनिंग कंपन्यांचं मोठ्ठं पॅकेज घ्यायलाच हवं का, की सुटे तास घेऊन भागेल? बायको म्हणाली आधी कोणालातरी विचार, म्हणून विचारतोय.

मिरर_मिरर
हसलो, सॉरी. मीही हेच म्हणालो होतो.

थिअरीही हलक्यात घेऊ नका. १०० प्रश्न, ८५ ला पास, पण ते ४ गटांत वाटलेले असतात आणि प्रत्येक गटात २५ पैकी २० लागतातच, म्हणजे एकूण ९० आले आणि एका गटात १९ तर घरी. हझार्ड परसेप्शनला, म्हणजे व्हिडिओत धोका दिसला की क्लिक करायचं त्या भागाला, ७५ पैकी ५७. तिथे माझी उलटीच गंमत, सरावात मी धोका इतका आधी हेरून क्लिक करायचो की ज्या वेळेतल्या क्लिकला मार्क मिळतात ती सुरू व्हायच्या आतच माझं क्लिक होऊन गेलेलं असायचं. मग थोड्या अंतराने दुसऱ्यांदा क्लिक करायची सवय लावून घेतली.

पार्ट टू, म्हणजे ती दुसरी ड्रायव्हिंगची, साधारण तासाभराची. ६ फॉल्टपर्यंत चालतं, सातवा झाला की नापास, आणि एक जरी सीरियस झाला तरी नापास. पहिल्यांदा मी नापास झालो तो आपल्या अ‍ॅडव्हान्स्ड सवयींमुळेच. डाव्या वळणावर पुढचं लांबवर दिसावं म्हणून आपण मधल्या रेषेकडे सरकतो ना, तसा सरकलो, समोरून ट्रॅक्टर आला, मला वाटलं भरपूर जागा आहे, एक्झामिनरला तसं वाटलं नाही. आरसे मी बघत होतोच पण मान न हलवता, फक्त डोळ्यांनी, आणि सिग्नल आधी आरसा नंतर असं दोनदा झालं. २० वर्षांत या गोष्टी कोणी सांगतच नाही हो. तेव्हा पार्ट टूसाठी दोन-तीन तास एखाद्या चांगल्या ट्रेनरबरोबर बसाच, तिथे पैसे वाचवू नका.

हिरवा_बॅज
मी ७ वर्षं एडीआय आहे. दादा, तुमचा खरा घोळ पार्ट थ्रीमध्ये होणार आहे, आणि तो ऑब्झर्व्हर असल्यामुळेच होणार आहे, राग मानू नका.

तुमच्या शेजारी बसणाऱ्याला गाडी येते. माझ्या शेजारचीला येत नाही. ट्रेनी असतानाची गोष्ट सांगते. मिनी राउंडअबाउट, उजवीकडून पांढरी व्हॅन, माझी विद्यार्थिनी समोरच बघतेय, क्लच अर्धा सुटलेला, गाडी थरथरत पुढे सरकतेय. मी मनात म्हणतेय आता बघेल, आता बघेल, आणि शेवटी ड्युअल ब्रेक (माझ्या बाजूचा) दाबला. बाजूला थांबलो. विचारलं, व्हॅन दिसली होती का? म्हणे हो, पण मला वाटलं तुम्ही थांबवाल.

त्या वाक्यावर अख्खी पार्ट थ्री उभी आहे बघा. मार्कांच्या कागदावर १७ मुद्दे असतात, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ५१. ३१ ला पास, ४३ पासून पुढे ए ग्रेड. पण त्यातले ५ मुद्दे रिस्क मॅनेजमेंटचे, आणि त्यांत १५ पैकी ७ किंवा कमी आले की बाकीचे कितीही असोत, नापास. आणि त्या पाचांतला पहिलाच मुद्दा हा, की कुठली जबाबदारी तुमची आणि कुठली तिची हे निघायच्या आधी तिला नीट कळलंय का. मी ते कधी बोललेच नव्हते.

खरा विद्यार्थी घेऊन जायचं असतं, एक्झामिनर मागे बसतो. ट्रेनिंगमध्ये मी ज्या अ‍ॅडव्हान्स्डवाल्यांना पाहिलं ते सगळे बोलून बोलून मार्क घालवायचे. तुम्हाला लांबवरची सायकल दिसते, तुम्ही सांगून टाकता, मग ती स्वतः बघायला कधी शिकणार?

चौथा_गिअर
ताई, बोलून बोलून हे वाचून ओशाळलो. आमच्या ग्रुपात मी कॉमेंटरीसाठीच, म्हणजे रस्त्यावर दिसेल ते बोलून दाखवण्यासाठीच, फेमस आहे. पण धोका दिसत असताना गप्प बसायचं म्हणजे नेमकं किती वेळ?

हिरवा_बॅज
तुमच्याकडे वेळ आहे तोवर प्रश्न विचारा, "पुढे काय काय दिसतंय?" वेळ कमी असेल तर एका शब्दात सांगा, "थांब." तोही उरला नसेल तर ब्रेकवर पाय. अंदाज रोज बदलतो, आणि विद्यार्थ्यागणिकही.

गुलाबी_त्रिकोण
मी सध्या ट्रेनी लायसन्सवर आहे, पैशांचं मी सांगतो. पार्ट टू पास आणि ४० तास ट्रेनिंग झाल्यावर ते मिळतं, ६ महिन्यांचं, काचेवर गुलाबी बॅज, आणि त्यावर पैसे घेऊन शिकवता येतं. त्याशिवाय एक पौंडही घेऊ नका, गुन्हा आहे. मी दिली तेव्हा थिअरीची फी ८१ पौंड आणि पुढच्या दोन्हींची १११-१११ होती, म्हणजे परीक्षा स्वस्तच आहेत, खिसा कापतं ते ट्रेनिंग. एका कंपनीला (नाव नको) पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरले आणि तीन महिन्यांत तीन ट्रेनर बदलले, प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करायचा. त्यापेक्षा ऑर्डिटच्या (इन्स्ट्रक्टरांना शिकवणाऱ्यांच्या अधिकृत) यादीतला एकटा ट्रेनर धरा आणि तासाला पैसे द्या.

आणि घड्याळ लक्षात ठेवा राव. थिअरी पास झालात की तिथून २ वर्षांत पार्ट थ्री, पार्ट टू आणि थ्रीला तीन-तीनच संधी, आणि तारखा लवकर मिळत नाहीत. त्यामुळे रिडंडन्सीचे पैसे हातात येण्याआधी उगाच हौसेने थिअरी देऊन बसू नका.

चौथा_गिअर
सगळ्यांचे आभार, पॅकेज कॅन्सल. काल प्रॅक्टिस म्हणून बायकोला गाडी दिली आणि शेजारी तोंड बंद ठेवून बसायचं ठरवलं. दुसऱ्या राउंडअबाउटपर्यंत टिकलो. ती म्हणते तोंड बंद होतं पण उजवा पाय सारखा मॅटवर दाबत होतास, त्याचे किती मार्क कापतात ते पण विचार.