मदत हवी आहे: मॉडेल यूएनमध्ये न पटणाऱ्या देशाची बाजू मुलांनी कशी मांडायची?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात मॉडेल यूएन घ्यायचं ठरलंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: संयुक्त राष्ट्रांच्या समित्या जशा चालतात तशा मुलांनी चालवायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला एक देश येतो. त्या देशाच्या वतीने भाषणं करायची, बाकीच्यांशी वाटाघाटी करायच्या, ठराव लिहायचा आणि मताला टाकायचा. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांना यात काही नवीन नाही. आमच्याकडे पहिल्यांदाच होतंय, आणि मराठीतून होतंय. कागदपत्रं इंग्रजीत वाचायची, बोलायचं मराठीत.

समित्या तीन. सुरक्षेसाठी महासभेची पहिली समिती, जिला सगळे डायसेक म्हणतात. तिथे विषय स्वयंचलित शस्त्रांचा, म्हणजे माणसाच्या आज्ञेची वाट न बघता स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या यंत्रांचा. हक्कांसाठी मानवाधिकार परिषद, विषय रोहिंग्यांचा, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांचा. कायद्यासाठी हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, खटला मार्शल बेटं विरुद्ध भारत.

देशांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि तिथेच घोडं अडलं. बारावीतली माझी सगळ्यात चांगली वक्ती, तिला म्यानमार आला. मुलगी अभ्यासू आहे, लगेच वाचायला बसली. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात का पळाले, १९८२च्या नागरिकत्व कायद्याने त्यांचं काय केलं, परिषदेने नेमलेल्या सत्यशोधन पथकाला काय आढळलं, सगळं काढलं. मग वही घेऊन माझ्याकडे आली. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे बारीक अक्षरात पान भरून मजकूर, जाळलेल्या गावांची माहिती, बायकांवरच्या अत्याचारांची माहिती. उजवीकडे नुसता मथळा, 'माझं सरकार काय म्हणतं', आणि खाली कोरं. म्हणाली, "मॅडम, इथे लिहायला हात धजत नाही."

चिठ्ठी बदलून देणं सोपं आहे. पण मग ज्याला ती जाईल त्याचं काय? आणि अवघड देश असे एकेक बाजूला काढले तर सभागृहात एकाच सुरातली वीस भाषणं होतील. वाटाघाटी कोण कोणाशी करणार? दुसऱ्या बाजूने मला हीही भीती आहे की सतरा वर्षांची मुलगी एका संहाराला 'अंतर्गत बाब' म्हणायला सफाईने शिकेल, टाळ्या घेईल, चषक घेईल. ते मला नकोय. अजिबात नकोय.

डायसेकमध्ये भारत आलेल्या मुलाचीही अशीच गत होती, पण तो सुटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये या शस्त्रांवरचा पहिला ठराव पहिल्या समितीत आला तेव्हा १६४ देश बाजूने होते, ८ तटस्थ आणि ५ विरोधात. त्या पाचांत रशिया, बेलारूस, माली, नायजर यांच्याबरोबर भारत होता. पोरगं हिरमुसलं, "आपण विरोधात का?" आम्ही दोघांनी मिळून शोधलं. भारताचं म्हणणं असं की या विषयावर जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराखाली आधीच चर्चा चालू आहे, आणि लष्करी ताकद असलेले देश त्याच टेबलावर बसलेले आहेत. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुसरी चूल मांडू नका. हे पटो न पटो, हा मुद्दा आहे. त्यावर उभं राहता येतं. म्यानमारच्या मुलीला उभं राहायला जागा कुठली दाखवू?

दुसरं, गुण कसे द्यायचे? मी पाहिलेल्या स्पर्धांत 'बेस्ट डेलिगेट' बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतो. तेही टाळायचंय.

ज्यांनी हे घेतलंय किंवा यात भाग घेतलाय त्यांनी कृपया सांगा. नुसतं 'छान उपक्रम' नको.

– खडूफळा

प्लॅकार्डवाली

मॅडम, मी पुण्यात कायदा शिकते. आधी बरीच वर्षं डेलिगेट होते, आता ईबीत, म्हणजे समिती चालवणाऱ्या अध्यक्षमंडळात, बसते. म्यानमार मलाही आला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फ्रीझ डेट ठरवा. म्हणजे अमुक तारखेपर्यंत जे घडलं तेवढंच समितीला माहीत आहे असं धरायचं. ती नसेल तर फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाला, यातच तुमचा अर्धा दिवस जाईल. मी डिसेंबर २०१९ची अखेर सुचवेन. त्या वर्षी भारत, बांगलादेश, चीन, फिलिपिन्स चौघंही परिषदेवर होते, त्यामुळे घासाघीस खरी होते.

आणि डिसेंबर २०१९चं आणखी एक कारण आहे. गांबियाने नोव्हेंबरमध्ये म्यानमारवर वंशसंहाराचा खटला भरला आणि पुढच्याच महिन्यात म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या आँग सान सू ची स्वतः हेगला जाऊन उभ्या राहिल्या. तुमच्या विद्यार्थिनीला ते भाषण मुळातून वाचायला लावा. 'काही घडलंच नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. सशस्त्र गटाच्या हल्ल्यांपासून त्यांनी सुरुवात केली. काही प्रसंगी सैन्याने प्रमाणाबाहेर बळ वापरलं असेल हे नाकारता येत नाही, असं म्हणाल्या. वंशसंहाराचा हेतू नाकारला, आणि दोषींवर आमचीच लष्करी न्यायव्यवस्था कारवाई करेल, असा पवित्रा घेतला. उजवीकडचा रकाना यातून भरतो. फक्त तो मुलीने स्वतःच्या शब्दांत भरायचा नाही. कोण बोललं, कुठे, कुठल्या तारखेला, एवढं प्रत्येक ओळीपुढे यायलाच हवं.

मी अध्यक्ष असते तिथे नियम एकच: तुमच्या देशाने अधिकृतपणे जे म्हटलंय तेच आणि तेवढंच म्हणायचं. देशाने न केलेला इन्कार डेलिगेटने स्वतःहून केला तर मी तिथल्या तिथे थांबवते. तुमची दुसरी भीती याने बरीच कमी होईल. सरकारची भूमिका जशीच्या तशी समोर आली की ती कुठे लंगडी आहे हे सगळ्या सभागृहाला दिसतं, आणि सगळ्यात आधी ती मांडणाऱ्याला दिसतं. 'लष्कराची चौकशी लष्करच करणार' हे वाक्य चार देशांच्या प्रश्नांपुढे बोलून बघा म्हणावं.

एक तांत्रिक गोष्ट. परिषदेचे सदस्य ४७, आणि म्यानमार त्यांत नव्हता. ज्याच्याविषयी चर्चा चाललीय तो देश म्हणून त्याला बोलायला मिळतं, मत मिळत नाही. म्हणजे स्वतःविरुद्धचा ठराव तिला नुसता बघावा लागणार. तिचं काम मतदानाआधीच, इतर देशांना पाठवायच्या निरोपाच्या चिठ्ठ्यांतून आणि मोकळ्या वेळेतल्या बोलण्यांतून. सप्टेंबर २०१८ मध्ये पुरावे गोळा करणारी यंत्रणा उभारायचा ठराव ३५ विरुद्ध ३ असा मंजूर झाला, ७ तटस्थ. विरोधातले तीन चीन, फिलिपिन्स आणि बुरुंडी. तिने आधी कोणाकडे जावं हे यावरून कळेल.

मांडवी_किनारा

माझं मत थोडं वेगळं आहे. गोव्यात शाळेत असताना मी यात होतो. विषय ज्याच्या घरादाराला भिडलेला आहे त्याला ती बाजू देऊच नये, आणि मुलाने एकदा नको म्हटलं तर कारण न विचारता चिठ्ठी बदलावी. शिक्षकांसमोर खरं कारण सांगणं प्रत्येकाला जमत नाही. चिठ्ठीऐवजी मुलांकडून आधीच तीन-तीन पसंतीचे देश आणि एक नको असलेला देश लिहून घ्या, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

शिवाय तिला क्यॉ मो तुन यांच्याबद्दल जरूर सांगा. म्यानमारचे न्यूयॉर्कमधले राजदूत. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी महासभेत आपल्याच देशातल्या लष्करी राजवटीविरुद्ध बोलले आणि शेवटी तीन बोटं उंचावून सलाम केला. लष्कराने त्यांना काढलं, पण संयुक्त राष्ट्रांतली जागा त्यांच्याकडेच राहिली. तुमच्या फ्रीझ डेटनंतरचं आहे, समितीत वापरता येणार नाही. पण प्रतिनिधी आणि सरकार यांच्यात अंतर पडू शकतं, हे या वयात कळलेलं बरं.

जुना_वकील

मी नागपूरचा, वकिलीतून निवृत्त. न्यायालयाच्या समितीबद्दल सांगतो.

बाई, मार्शल बेटांचा खटला मोहात पाडणारा आहे. ज्या बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या, त्यांनी अण्वस्त्रधारी देशांना कोर्टात खेचलं. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये ९ विरुद्ध ७ मतांनी न्यायालयाने म्हटलं की दोन देशांत कायद्याच्या अर्थाने वादच उभा राहिलेला नाही, त्यामुळे आम्हाला अधिकारक्षेत्र नाही. अण्वस्त्रांच्या मुद्द्याला हातच लागला नाही. मुलं अणुबॉम्बवर तयारी करून येतील आणि अधिकारक्षेत्राच्या चिखलात रुततील.

पहिल्या वर्षी जाधव खटला घ्या, म्हणजे पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांचा, भारत विरुद्ध पाकिस्तान. आमच्या नागपूरचे हरीश साळवे भारताकडून उभे होते. कायदा एका कलमाभोवती फिरतो: १९६३च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६, परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याचा हक्क. बारावीच्या मुलांना समजेल एवढं ते सरळ आहे. निकाल १७ जुलै २०१९चा. मुख्य मुद्द्यांवर १५ विरुद्ध १.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. इथे सगळ्यांना भारताचा वकील व्हायचं असणार. तुमचे दोन उत्तम वक्ते पाकिस्तानला द्या. आमच्या धंद्यात समोरच्याची कैफियत त्याच्याहून चांगली मांडता आली पाहिजे, तरच ती खोडता येते. सरावात पक्ष उलटे करा आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा सुलटे. मग मुलं निकाल नीट वाचतील आणि त्यांना दिसेल की भारताने शिक्षा रद्द करण्याची मागणी केली होती ती न्यायालयाने मान्य केली नाही; शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असा आदेश दिला. आपल्याकडे 'भारत जिंकला' एवढंच लोकांच्या लक्षात आहे.

गुणांचं म्हणाल तर निम्मे गुण कागदाला ठेवा: भूमिकापत्र आणि ठरावातली कलमं. उरलेल्यांत प्रश्नाला दिलेलं उत्तर भाषणापेक्षा वजनदार धरा. तयार भाषण घरून कोणीही लिहून देतं, उत्तर ज्याचं त्यालाच द्यावं लागतं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यायालयात जाधव खटला घेतेय. पक्ष उलटे करून सराव करायची सूचना तिन्ही समित्यांना लावणार आहे. नको असलेला देश लिहून घेण्याचं आधी सुचायला हवं होतं असं आमचे इतिहासाचे सरही म्हणाले, त्याचा फॉर्म तेच करताहेत.

त्या मुलीला चिठ्ठी बदलायची मोकळीक दिली, कारण न विचारता. तिने दोन दिवस मागून घेतले. काल हेगच्या सुनावणीचा छापील मजकूर घेऊन आली, समासात पेन्सिलीच्या खुणा. म्यानमार ठेवतेय म्हणाली. तिचा प्रश्न असा, आणि तो मी प्लॅकार्डवालीकडे सोपवते: सरकारची भूमिका मांडत असतानाच, प्रतिनिधी म्हणून ती ठरावात स्वतंत्र निरीक्षकांना राखाइनमध्ये (रोहिंग्यांच्या प्रांतात) प्रवेश देण्याचं कलम मान्य करू शकते का, की ते देशाच्या धोरणाबाहेर गेलं म्हणून तिचे गुण कापले जातील?

शिवाय डायसेकसाठी अनुभवी अध्यक्ष हवा आहे. दोन दिवस, शनिवार-रविवार. एसटीने किंवा गाडीने येण्याचा खर्च कॉलेज देईल, राहण्या-जेवण्याची सोय माझ्या घरी. कोणाला जमत असेल तर व्यक्तिगत निरोप टाका.