श्वासाची साधी यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यात तयार ठेवावीत का?

लातूर_कार्यशाळा:
मंडळी, पुढची साथ आली की मराठवाड्यात व्हेंटिलेटर पुन्हा कमी पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझं म्हणणं असं की आठही जिल्ह्यांत मास्कमधून दाबाने हवा देणारी बायपॅप आणि सीपॅप यंत्रं आत्तापासून घेऊन ठेवावीत, त्यांचे मास्क, फिल्टर, नळ्या एकाच पेटीत बांधून. साथ दारात आल्यावर टेंडर काढत बसू नये.

सीपॅप हे मुळात झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठीचं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर ते उभं केलं. आत पंखा, बाहेर नळी, तोंडावर मास्क. दाब कायम राहतो, त्यामुळे फुप्फुसातले फुगे श्वास सोडतानाही मिटत नाहीत. बायपॅपमध्ये दोन दाब असतात, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने व्हेंटिलेटरच्या तुटवड्यात ही यंत्रं वापरायला मुभा दिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनवाल्यांना सोबत घेतलं, एक जुना सीपॅप खोलून पाहिला आणि शंभर तासांच्या आत नवा नमुना केला. पुढे आराखडेही फुकट दिले. इटलीत ब्रेशियाच्या एका कंपनीने समुद्रात पोहायच्या मास्कला थ्रीडी प्रिंटरवरचा जोड लावून सीपॅपचा मास्क केला. आणि उपयोग होतो का, याचंही उत्तर आहे. ब्रिटनच्या रिकव्हरी-आरएस चाचणीत कोविडचे १,२७३ रुग्ण होते. साध्या ऑक्सिजनवरच्या ४४.४ टक्के रुग्णांना ३० दिवसांत घशात नळी घालावी लागली किंवा ते दगावले. सीपॅपवर हेच प्रमाण ३६.३ टक्के.

आता बदल काय करायचा ते सांगतो. घरच्या मास्कच्या कोपऱ्याला बारीक छिद्रं असतात, सोडलेला श्वास तिथून सरळ वॉर्डात जातो. म्हणून बिनछिद्राचा मास्क घ्यायचा. त्याला लागून विषाणू अडवणारा फिल्टर, मग हवा सुटायचं छिद्र, मग नळी, आणि यंत्राच्या तोंडाशी टी-जोड लावून ऑक्सिजन. छिद्र फिल्टरच्या आधी आलं की फिल्टर असून नसल्यासारखा. आयटीआय झालेला पोरगा हे अर्ध्या तासात शिकतो.

सिस्टर_१९:
दादा, जोडायला अर्धा तास पुरतो हे मान्य. रात्रभर ते तोंडावर टिकवायचं कुणी?

घट्ट मास्क लावला की माणूस घाबरतो. दम लागलेलाच असतो, त्यात तोंडावर वारा आदळतो. पहिला तासभर हात धरून बसावं लागतं, “आज्जी, यंत्राबरोबर श्वास घ्या, त्याच्याशी भांडू नका” असं सांगत राहावं लागतं. आज्जींना पाणी हवं असतं, मास्क काढला की सॅचुरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, धाडकन खाली. नाकाच्या हाडावर जखम होते. उलटी झाली आणि कुणाचं लक्ष नसलं तर ती सरळ छातीत जाते. घरगुती यंत्राला वॉर्डभर ऐकू येईल असा अलार्म नसतो. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना हे कसं जमणार?

मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात न्यूमोनियाच्या अत्यवस्थ मुलांवर बबल सीपॅपची (पाण्यात नळी बुडवून दाब धरणाऱ्या सीपॅपची) चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये छापून आला. रोज डॉक्टरांची देखरेख नव्हती. साध्या ऑक्सिजनवरची ११ टक्के मुलं गेली आणि सीपॅपवरची १७ टक्के. यंत्र दिलं म्हणून जास्त मुलं गेली. तुमची पेटी तालुक्याला येईल तेव्हा मला हीच भीती आहे.

परभणीचा_बाळू:
ताई, तुमचं पटतंय. पण आमच्यासारख्यानं करायचं काय? २०२१ च्या एप्रिलात चुलत्याला घेऊन दवाखाने पालथे घातले. सगळीकडं एकच, व्हेंटिलेटर नाही, दुसऱ्या जिल्ह्यात न्या. ॲम्ब्युलन्समधला सिलिंडर वाटेतच संपत आला होता. चुलते नांदेडला पोचले, पण वाचले नाहीत. मधलं काहीच नव्हतं का, मास्क नाहीतर सरळ व्हेंटिलेटर? असं एखादं यंत्र लावून दोन दिवस निघाले असते तर तेवढे तरी मिळायला पाहिजे होते. लातूरवाल्या दादांना माझा पाठिंबा.

जालना_सिलिंडर:
सगळे यंत्रावर बोलताय, ऑक्सिजनवर कुणीच नाही. आम्ही याच धंद्यातले, म्हणून आकडे देतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू बसतो. मिनिटाला १५ लिटरने तो पावणेआठ तास जातो. हाय फ्लो नेझलवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटर सोडले तर दोन तासही पुरत नाही. २०२१ मध्ये मशीन असूनही हाय फ्लो बंद ठेवायची पाळी यामुळेच आली.

बायपॅपला बाजूने १० लिटर सोडले तर हाय फ्लोपेक्षा परवडतं, हा मुद्दा लातूरच्या बाजूचा. पण पंखा खोलीतली हवा ओढतो, तुमचा ऑक्सिजन त्यात पातळ होतो, मास्क गळत असेल तर आणखी. घरगुती यंत्रावर निम्म्याच्या वर ऑक्सिजन पोचवणं अवघड. ज्याला ९० टक्के लागतो, त्याला ही पेटी पुरणार नाही. जिल्ह्याने पैसे आधी टाकीत आणि पाइपलाइनीत घालावेत. ठरवलं तर इथेही होतं. धाराशिवच्या चोराखळीच्या साखर कारखान्याने २०२१ मध्ये इथेनॉलच्या प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन काढला होता.

लातूर_कार्यशाळा:
सिस्टर, मलावीची चाचणी वजनदार आहे, पण तिच्यासोबत ढाक्याचीही मांडायला हवी. डॉक्टर मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी तिथे शाम्पूच्या रिकाम्या बाटलीवर बबल सीपॅप केला. बाटलीत पाणी, श्वास सोडायच्या नळीचं टोक त्यात बुडवलेलं. नळी पाच सेंटीमीटर बुडाली की दाब पाच सेंटीमीटर पाण्याचा. बुडबुडे थांबले की कुठेतरी गळतंय हे नुसत्या डोळ्यांना दिसतं, अलार्म लागत नाही. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं दगावली होती, बाटलीवर ४ टक्के. पद्धत तीच, फरक देखरेखीचा. तेव्हा देखरेख उभी करू या, पण यंत्रच नको असं म्हणू नका.

जालन्याच्या दादांना एवढंच, की टाकी पाहिजेच. पण ९० टक्के ऑक्सिजन लागणारे थोडे, त्याआधीच्या पायरीवरचे पुष्कळ. पेटी त्यांच्यासाठी आहे.

सिस्टर_१९:
ढाक्याचं ते रुग्णालय संशोधनाचं होतं दादा, हाताशी डॉक्टर होते. आमच्याकडे रात्री कोण असतं ते येऊन बघा. “देखरेख उभी करू या” हे चार शब्द आहेत. त्यातली पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत.

आणि लाईटचं काय? बिनछिद्राचा मास्क तोंडावर घट्ट बांधलाय, डीपी जळाला, पंखा बंद पडला. रुग्ण स्वतःचाच सोडलेला श्वास परत घेत राहतो. अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप सगळ्याच मास्कना नसते. तुमच्या पेटीत बॅटरी लिहिलेली नाही.

खंडपीठ_वाचक:
मला घाईच्या खरेदीवर बोलायचंय. मे २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठापुढे पीएम केअर्स निधीतून तिथल्या घाटी या सरकारी रुग्णालयाला आलेल्या १५० व्हेंटिलेटरच्या बिघाडाचं प्रकरण गाजलं. डॉक्टर म्हणत होते चालत नाहीत, केंद्राचं म्हणणं होतं यंत्रं ठीक आहेत. तोवर रुग्ण मात्र बाकीच्या यंत्रांच्या रांगेत. ती तर व्हेंटिलेटर म्हणून बनवलेली यंत्रं होती. फेरफार केलेल्या बायपॅपने काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? बनवणारा हात वर करेल, सही केलेला डॉक्टर अडकेल.

साठवण्याचंही धोक्याचंच. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातून लाखो सीपॅप, बायपॅप परत मागवले, आवाज कमी करायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत जाऊ शकतात म्हणून. कपाटात पाच वर्षं पडलेल्या पेटीचं सील, फिल्टर, बॅटरी दर सहा महिन्यांनी तपासणार कोण, हे लेखी ठरल्याशिवाय माझा विरोध.

छातीचा_डॉक्टर:
दोन्ही बाजू वाचल्या. माझा कल पेटीकडे आहे, पण अटी कडक हव्यात.

पहिली अट रुग्णाची निवड. शुद्धीत असलेला, खोकला काढू शकणारा, मास्क सहन करणारा रुग्णच यावर घ्यावा. लावल्यावर तास-दोन तासांत श्वासाची गती उतरली नाही, मानेचे स्नायू ओढलेलेच राहिले, तर वाट पाहू नये. नळी घालावी, किंवा सोबत माणूस आणि पुरेसा ऑक्सिजन देऊन लगेच हलवावं. सीपॅपने सॅचुरेशनचा आकडा ९२ दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात, आत माणूस दमत असतो. उशिरा घातलेली नळी सगळ्यात महाग पडते.

दुसरं, बायपॅप सरळ घशातल्या नळीला जोडायचा प्रकार न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने २०२० मध्ये केला. तो त्यांच्यासारखा चोवीस तास तज्ज्ञ असेल तिथेच. तालुक्याला नाही म्हणजे नाही. एका व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण जोडायचाही तेव्हा गाजावाजा झाला होता. अमेरिकेतल्या अतिदक्षता आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २६ मार्च २०२० ला एकत्र निवेदन काढून तसं करू नका म्हणून सांगितलं.

सिस्टरच्या बाजूने एक दाखला माझाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. यंत्रं मोजकी. ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायला लावली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत बसले. मृत्यू झपाट्याने उतरले, तिथे वाचवलं ते माणसांनी. आपल्याकडे नर्सिंग कॉलेजं आहेत, शेवटच्या वर्षाच्या मुलींना वर्षातून दोनदा ही पेटी हाताळायला द्या. मास्क बसवणं, फिल्टर ओला झाला की बदलणं (तुंबला की रुग्णाला श्वास सोडणं जड जातं), आणि लाईट गेल्यावर पहिल्यांदा मास्क काढून साधा ऑक्सिजन लावणं, एवढं हाताला बसलं पाहिजे.

परभणीचा_बाळू:
डॉक्टरसाहेब, हे सगळं अर्जात लिहून द्या. जिल्हा नियोजन समितीकडं आम्ही गावच्या गाव घेऊन जाऊ.

लातूर_कार्यशाळा:
अर्जाचा मसुदा मी करतो. बिनछिद्राचा पण झडप असलेला मास्क, बॅटरी आणि सहामाही तपासणीची नोंदवही पेटीत घेतली. बिघडलेलं यंत्र बदलून देण्याची अट खरेदीतच टाकू. टाकी आणि पाइपलाइन वेगळ्या कलमात. पेटीची मागणी मात्र मागे घेत नाही.

खंडपीठ_वाचक:
नोंदवहीवर कुणाची सही, ते पद नावानिशी लिहा. नुसतं “संबंधित अधिकारी” चालणार नाही.

सिस्टर_१९:
आणि नर्सची रिक्त पदं पहिल्या कलमात, यंत्रांच्या वर. दर पाळीला, या यंत्रावरच्या किती रुग्णांमागे एक सिस्टर, तो आकडाही तिथेच. ते कलम खाली गेलं तर माझी सही धरू नका.