ग्रँड कॅन्यन राफ्टिंग: लॉटरीत चौथ्यांदा नंबर नाही. पैसे देऊन दुसऱ्याच्या परमिटवर जावं का?

निवडुंग

आम्ही सहा जण आहोत. चार वर्षं झाली, ग्रँड कॅन्यनमधल्या कोलोरॅडो नदीच्या खासगी परमिटसाठी दर वर्षी लॉटरीत अर्ज भरतो. कंपनी नको, गाईड नको. लीज फेरीला बोटी पाण्यात ढकलायच्या आणि २२६ मैलांवर डायमंड क्रीकला बाहेर यायचं, सगळं स्वतः वल्हवत, एवढीच इच्छा आहे. अर्जाचे २५ डॉलर जातात, काही दिवसांनी निवड न झाल्याची मेल येते. यंदाही आली.

परवा राफ्टिंगच्या एका ग्रुपवर एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे २० सप्टेंबरचं सोळा जणांचं परमिट आहे आणि आठ जागा रिकाम्या आहेत. माणशी ३,२०० डॉलर म्हणाले. त्यात बोटी, जेवण, तंबू आणि 'नदी तोंडपाठ असलेले दोन वल्हेकरी'. त्या दोघांना आपण वेगळं काही द्यायचं का, असं विचारलं, तर त्यांचं मानधन ह्याच पैशांत धरलंय म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "रेंजरने विचारलं तर आपण सगळे जुने मित्र आहोत असं सांगायचं."

कंपनीच्या ट्रिपपेक्षा हे बरंच स्वस्त आहे. बायको म्हणते, चार वर्षं वाट पाहिली, आता जाऊन या. मेव्हणा म्हणतो, आधी कुणाला तरी विचार. म्हणून इथे विचारतोय. आणि मनातला एक प्रश्न: नदी बाराही महिने वाहते, कॅन्यन एवढा अवाढव्य, मग दिवसाला मोजकेच गट का सोडतात?

रानवारा

अनोळखी लोकांच्या परमिटवर जाण्यात गैर काही नाही. मी स्वतः तसाच गेलो होतो. ज्याला परमिट मिळतं त्याच्याकडे सोळा मित्र मोकळे असतातच असं नाही, त्यामुळे जागा भरायला लोक शोधावेच लागतात. पण आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक वही होती, प्रत्येक खर्च त्यात लिहिलेला आणि सोळांनी भागलेला. 'मित्र आहोत असं सांगा' हे मात्र मला कुणी म्हणालं नव्हतं. ते वाक्य वाचून पोटात कसंतरी झालं.

वाळूकाठ

निवडुंग, जाऊ नका. मी ह्या नदीवर दोनदा गेले आहे, दुसऱ्या वेळी परमिट माझ्या नावावर होतं, म्हणून इतकं ठाम लिहितेय.

खासगी परमिटची मुख्य अट हीच की त्यात कुणी पैसे कमवायचे नाहीत. बोटींचं भाडं, शिधा, गाड्यांची ने-आण, परमिटची फी हे सगळं वाटून घ्यायचं. मानधन घेणारा वल्हेकरी आला की ती ट्रिप व्यावसायिक झाली, आणि तशी ट्रिप फक्त पार्कने करार करून दिलेल्या कंपन्यांनाच काढता येते. आमच्या ट्रिपमध्ये बोटी आणि स्वयंपाकाचं सामान भाड्याने घेऊनही माणशी १,६४० डॉलर पडले होते. बोटी भाड्याने देणाऱ्या, शिधा बांधून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि ते नियमात बसतं. माणूस भाड्याने घेणं बसत नाही. तुमच्या ३,२०० मधले उरलेले कुठे जाणार, हे त्या गृहस्थांना विचारा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. लॉटरीत सगळ्यांच्या संधी सारख्या नसतात. गेल्या चार वर्षांत जो नदीवर गेलेला नाही त्याला पाच संधी मिळतात. जितक्या अलीकडे गेलात तितक्या त्या कमी होतात, गेल्याच वर्षी गेला असाल तर एकच. कंपनीच्या बोटीत बसून गेलात तरी ते धरलं जातं, आणि वर्षातून एकदाच जाता येतं. म्हणजे ह्या ट्रिपला गेलात तर तुमच्या सहाही जणांनी चार वर्षं धीर धरून राखलेल्या संधी त्यांच्या धंद्यात खर्ची पडतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

कॅन्यन अवाढव्य आहे, पण झोपायला जागा फार थोडी आहे. दोन्ही बाजूंनी कडे सरळ पाण्यात उतरतात. रात्र काढायची ती अधूनमधून लागणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर. लीज फेरीच्या वर सुमारे १५ मैलांवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले आणि तेव्हापासून वरून येणारा गाळ लेक पॉवेलमध्येच, म्हणजे धरणाच्या जलाशयातच, बसतो. खाली येतं ते स्वच्छ, थंडगार पाणी, आणि ते पाणी वाळू आणत नाही, असलेली घेऊन जातं. नवी वाळू येते ती मुख्यतः पारिया आणि लिटल कोलोरॅडो ह्या दोन उपनद्यांतून. १९९६ पासून अधूनमधून धरणातून मुद्दाम मोठा लोंढा सोडतात, तळाशी बसलेली वाळू उचलून किनाऱ्यावर चढावी म्हणून. पट्टे थोडे भरतात आणि पुन्हा झिजायला लागतात.

हे मी वाचलं होतं, पण कळलं ते तिथे गेल्यावर. आतल्या गॉर्जमध्ये, म्हणजे खोल अरुंद घळीत, आम्ही ठरवलेल्या पट्ट्यावर दुपारी चारला पोचलो तर तिथे आधीच एक गट उतरलेला. पुढच्या पट्ट्यावरही तेच. तिसरा पट्टा नकाशात होता, प्रत्यक्षात दोन तंबूंपुरता उरला होता. सोळा माणसं त्या रात्री खडकांच्या फटींत, बोटींवर, जिथे पाठ टेकेल तिथे झोपली. माझ्या शेजारी एक साठीची बाई होती, तिला रात्रभर कूस बदलता आली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक गटाला आम्ही सकाळीच विचारायला लागलो, आज कुठे मुक्काम? तिथे तशीच रीत आहे, आम्ही ती पाळली नव्हती. दिवसाला आणखी चार गट सोडले तर ती रात्र रोजची होईल, प्रत्येकाची.

धरणातलं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त सोडतात, त्यामुळे नदी दिवसातून चढते आणि उतरते. संध्याकाळी पाण्यावर डुलणारी बोट सकाळी कोरड्या वाळूवर बसलेली असते, आणि भरलेली राफ्ट ढकलायला आठ माणसं लागतात. रात्री उठून दोर सैल करायची पाळी आम्ही लावली होती. परमिटधारकाने करायची कामं ही अशी असतात. तुमचे गृहस्थ ती करतील असं मला वाटत नाही.

अजून एक. तिथे विष्ठा मागे ठेवत नाहीत. डब्यात साठवून सोबत न्यायची. त्या डब्याला ग्रूव्हर म्हणतात, कारण पूर्वी दारूगोळ्याच्या पत्र्याच्या डब्यावर थेट बसायचे आणि मांडीवर चरे उमटायचे. सोळा माणसं, सोळा दिवस, म्हणजे २५६ माणूस-दिवसांचा भार बोटीवर बांधलेला असतो. लघवी मात्र नदीत, वाळूवर नाही, नाहीतर महिन्याभरात प्रत्येक पट्टा दुर्गंधीने भरेल. राख, खरकटं, भांड्याच्या पाण्यातला गाळून काढलेला भाताचा कणही परत आणायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात नदीवरच्या ट्रिपांमध्ये नोरोव्हायरस पसरला होता, नदीवरचे आणि कॅन्यनमध्ये चालणारे मिळून दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली. एकाने हात नीट धुतले नाहीत की सगळ्या गटाला जुलाब-उलट्या, आणि डॉक्टर म्हणजे हेलिकॉप्टर. हे नियम मी माझ्या गटाकडून रोज दोन वेळा पाळून घेतले. काही जण वैतागले. मला त्याचं काही वाटलं नाही.

निवडुंग

वाळूकाठताई, मनापासून धन्यवाद. वाळूचं हे गणित कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही परमिट म्हणजे तिकीट समजत होतो. पण एक सल रहाते. पैसेवाला माणूस कंपनीकडे बुकिंग करून जातो आणि आम्ही लॉटरीत तिष्ठत बसतो, हे योग्य आहे का?

जुना वल्हेकरी

ह्या प्रश्नाला माझ्या आयुष्याची बरीच वर्षं लागली आहेत, म्हणून दोन शब्द.

१९५० पर्यंत ही नदी पूर्ण उतरलेली माणसं शंभरच्या आसपास होती. १९७२ साली एका वर्षात सोळा हजारांहून जास्त गेली. तेव्हा पार्कने संख्या गोठवली, आणि त्या वेळी नदीवर बहुतेक कंपन्याच असल्याने मोठा वाटा त्यांच्याकडे राहिला. आमच्यासारख्या खासगी लोकांसाठी प्रतीक्षा यादी झाली. मी १९९८ मध्ये तीत नाव घातलं. दर वर्षी अजून इच्छा आहे असं कळवत राहायचो. यादी आठ हजारांच्या पुढे गेली होती. नव्याने नाव घालणाऱ्याला वीस वर्षं थांबावं लागेल असं बोललं जायचं. माझ्याबरोबर जायचं ठरवलेला एक मित्र वाट पाहता पाहता गेला.

२००६ च्या पार्कच्या नव्या आराखड्याने यादी मोडली आणि लॉटरी आणली. जुन्या यादीतल्या आम्हाला जादा संधी दिल्या. खासगी ट्रिपा जवळपास दुप्पट होऊन वर्षाला ५०३ झाल्या. कंपन्यांचा वाटा मात्र १,१५,५०० माणूस-दिवसांवर कायम राहिला. मला तेव्हा राग आला होता आणि वाटणी आजही मला पूर्ण पटत नाही. पण २०११ मध्ये माझ्या शेजारून कंपनीची एक बोट गेली, तिच्यात एक अंध मुलगी पुढे दोरी धरून बसली होती, प्रत्येक लाटेला ओरडत होती. तिला स्वतः वल्हवत येणं शक्य नव्हतं. तेव्हापासून मी कंपन्यांविरुद्ध भांडायचं थांबवलं, वाटणीविरुद्ध मात्र पत्रं लिहितो. आराखड्यावर लोकांची मतं मागवतात तेव्हा तुम्हीही लिहा. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, भांडलो, म्हणून तर २००६ साली काही हललं.

वाळूकाठ

दादा, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं.

निवडुंग, तुमच्यासाठी तीन वाटा दिसतात. तुम्ही बहुधा मे-जूनच्या तारखा मागत असाल, सगळे तेच मागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागा, नंबर लागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तेव्हा २५ दिवसांपर्यंत राहता येतं, मोटारबोटी नसतात (त्या १ एप्रिल ते १५ सप्टेंबरच), पट्टे मोकळे मिळतात. बदल्यात आतल्या गॉर्जमध्ये दिवस दिवस ऊन दिसत नाही. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) नसेल तर हिवाळ्याचं नावही काढू नका. पाणी ८-१० अंशांचं असतं आणि पडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच हात काम करेनासे होतात.

सहा जण आहात तर आठ जणांची लहान ट्रिप मागा. अनामतही ४०० ऐवजी २०० डॉलर. अर्जातच पर्यायी ट्रिप लीडरची नावं घाला. परमिट दुसऱ्याला देता येत नाही, पण तुम्ही आजारी पडलात तर मूळ अर्जात नाव असलेला माणूस ट्रिप नेऊ शकतो. नंतर कुणाचं नाव घुसवता येत नाही. शिवाय रद्द झालेल्या तारखांसाठी वर्षभर छोट्या लॉटऱ्या निघतात, त्यांच्या मेल वाचत जा.

तिसरी वाट मला तुमच्यासाठी सगळ्यात आवडते. डायमंड क्रीकपासून खाली पिअर्स फेरीपर्यंतच्या दोन ते पाच दिवसांच्या परमिटला लॉटरी नाही. एक वर्ष आधी अर्ज उघडतो, जो आधी येईल त्याला मिळतं. तिथे उतरायचा रस्ता हुआलापाई लोकांच्या जमिनीतून जातो, त्यांची परवानगी आणि फी वेगळी. पहिल्या दिवशीच रॅपिड, म्हणजे उसळत्या पाण्याचे टप्पे, लागतात. लीज फेरीपासून २३२ मैलावरचा रॅपिड नीट उतरून, चालत जाऊन, बघून मगच घ्या. पाणी कमी असलं की खाली उजवीकडे टोकदार खडक वर येतात. पुढे नदी संथ होते. आणि पिअर्स फेरीला वेळेत काठाला लागा. त्याच्या लगेच खाली एक नवा, भयंकर रॅपिड तयार झाला आहे, तिथे वाहून जायचं नाही.

ओळखपत्र प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर ठेवायचं. आमच्यातल्या एकाचं गाडीत राहिलं आणि गाडी नेणारा निघून गेला होता. रेंजर त्याच्याशिवाय सोडणार नाही हे बरोबरच होतं. गाडी परत येईपर्यंत पंधरा माणसं तीन तास उन्हात बसली.

निवडुंग

काल त्या गृहस्थांना बोटींच्या भाड्याची पावती आणि खर्चाची विभागणी मागितली. उत्तर आलं नाही, मला ग्रुपमधून काढलंय. बायकोला सगळा धागा वाचून दाखवला, ती म्हणाली, मग खालचा भाग घ्या.

पुढच्या नोव्हेंबरचा मध्य धरून डायमंड क्रीकसाठी अर्ज करतोय, सहा जण, दोन बोटी. आमच्यातल्या दोघांनी सॅन हुआन नदीवर वल्हवलंय, बाकीच्यांनी नाही. मेव्हण्याला पोहता येत नाही. त्याला आणावं का?

वाळूकाठ

आणा, पण आधी त्याला लाईफ जॅकेट घालून थंड, वाहत्या पाण्यात चार-पाच वेळा पाडा आणि तुम्हीच बोटीत ओढून घ्या. पाय पुढे, पाठीवर, तोंड प्रवाहाच्या दिशेला. त्याला ते जमलं आणि तुम्हाला त्याला तीस सेकंदांत वर घेता आलं, तर नाव यादीत घाला. सॅन हुआनवर रॅपिड फारसे मोठे नाहीत, तेव्हा तुम्ही दोघांनीही मधल्या काळात एखाद्या मोठ्या पाण्यावर वल्हवून या. तारीख मिळाली की इथे लिहा, सामानाची यादी पाठवते.