विषय: इलेक्ट्रिक गाडी पाडव्याला घ्यावी की आणखी थांबावे?

फ्रीमाँटहून, 11 जानेवारी 2026

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची पेट्रोलची गाडी आता चौदा वर्षांची झाली असून तिचे 1,60,000 मैल पूर्ण झाले आहेत. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे घरात दोन वर्षांपूर्वीच ठरले, परंतु भाव असे वरखाली होत राहिले की दर वेळी निर्णय पुढे ढकलला गेला. मागच्या 30 सप्टेंबरला 7,500 डॉलरची फेडरल करसवलत संपली तेव्हा आपण हातची संधी दवडली असे वाटून वाईट वाटले, आणि त्यानंतर आठवड्याभरातच काही कंपन्यांनी किमती उतरवल्या तेव्हा थांबलो तेच बरे झाले असेही वाटले. आई सध्या आमच्याकडे आहे आणि 19 मार्चला, पाडव्याच्या दिवशी, नवी गाडी दारात यावी अशी तिची फार इच्छा आहे. किमती आणखी उतरतील असे धरून वर्षभर थांबावे, की आईच्या इच्छेप्रमाणे पाडवा साधावा, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सनीव्हेलहून, 12 जानेवारी

नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला माझे 2023 हे वर्ष आठवले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

त्या वर्षी मीही थांबले होते, आणि थांबण्याला कारणही चांगले होते. टेस्लाने जानेवारी 2023 मध्ये मॉडेल वायच्या लाँग रेंज गाडीची किंमत 65,990 वरून एकदम 52,990 डॉलरवर आणली, आणि डिसेंबरात तीच गाडी घेतलेल्या माणसांचे तेरा हजार एका रात्रीत गेले. बॅटरीत लागणाऱ्या लिथियमचे भावही उतरणीला लागले होते आणि वर्षअखेरपर्यंत 2022 च्या कळसाच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आले. शिवाय 2024 पासून करसवलत विक्रेत्याच्याच टेबलावर किमतीतून वजा होणार होती. तेव्हा घाई कशाला करायची, असे मी घरात सर्वांना समजावले. ऑक्टोबरमध्ये आमच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. दुसरी गाडी लगेच आणणे शक्य नव्हते, म्हणून 3,100 डॉलर घालून तो दुरुस्त केला, आणि सहा महिन्यांनी ती गाडी विकली तेव्हा हातात त्याहून कमी पैसे आले. थांबून वाचवायचे होते त्यातले बरेचसे थांबण्यातच खर्च झाले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, भाव कुठे जातील यापेक्षा तुमची चौदा वर्षांची गाडी किती दिवस साथ देईल हा प्रश्न आधी विचारावा. एखाद्या विश्वासू मेकॅनिकला शे-दीडशे डॉलर देऊन ती नीट तपासून घ्या. ती आणखी वर्षभर चालेल असे तो म्हणाला तर तुमच्या हाती वेळ आहे, आणि वेळ असलेल्या माणसालाच विक्रेत्याकडून उठून येता येते. ती रस्त्यात बंद पडल्यावर गाडी घ्यायला गेलात, तर अडला हरी अशी अवस्था होऊन समोरचा म्हणेल तो भाव द्यावा लागेल.

सप्टेंबरनंतर किमती उतरल्या हे खरे आहे, पण तो हिशेब कागदावर मांडून पाहावा. ह्युंदाईने आयोनिक 5 च्या 2026 च्या मॉडेलवर 9,800 डॉलरपर्यंत कपात केली, म्हणजे त्या गाडीपुरती गेलेली सवलत भरून निघाली, काही प्रकारांत त्याहून जास्तच मिळाले. टेस्लाच्या बाबतीत तसे नाही. जी मॉडेल वाय 44,990 ला होती ती सवलत धरून 37,490 ला पडत असे, आणि ऑक्टोबरात आलेली साधी आवृत्ती 39,990 ची आहे, तीही बऱ्याच सोयी काढून घेऊन. दोन्हींना लोक 'भाव उतरले' असेच म्हणतात. त्यात एप्रिल 2025 पासून आयात गाड्यांवर 25 टक्के जादा शुल्क लागले आणि जपान व कोरियासाठी ते पुढे 15 टक्क्यांवर आले, त्यामुळे बॅटरी स्वस्त होत असली तरी तो सगळा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असे धरून चालता येत नाही.

नवीच गाडी हवी असा आग्रह नसेल, तर मात्र 2026 हे वर्ष तुमच्या बाजूचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. 2023 पासून लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, दिलेल्या गाड्यांना करकायद्यातल्या व्यापारी वाहनांच्या कलमाखाली 7,500 ची सवलत मिळे, आणि त्या कलमाला उत्तर अमेरिकेत जुळणी झाली असण्याची किंवा घेणाऱ्याच्या उत्पन्नाची अट नव्हती. त्यामुळे पुष्कळ लोकांनी गाड्या विकत न घेता लीजवर घेतल्या. त्यांची तीन वर्षे आता संपत आहेत आणि त्या गाड्या बाजारात परत येत आहेत. घसाऱ्याचा सर्वांत मोठा घाव पहिल्या माणसाने सोसलेला असतो, आणि बॅटरीची आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी बरीचशी शिल्लक असते.

अशी गाडी बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला आधी फोनवर सांगा आणि पडद्यावर दिसणारे मैल नव्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहा. तो आकडा मागच्या मालकाच्या चालवण्यावरही थोडा अवलंबून असतो, म्हणून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मिळत असेल तर तोही मागा. दुसरे म्हणजे डिकीतला खालचा कप्पा उघडून चार्जिंगची केबल जागेवर आहे ना ते बघा. आम्ही पाहिलेल्या पहिल्या गाडीत कप्पा रिकामा होता, आणि ती केबल नवी घ्यायची तर दोन-तीनशे डॉलर पडतात. टायरही बोट घालून पाहावेत, कारण वजनदार गाडीचे टायर लवकर झिजतात.

आणि या सगळ्याच्या आधी घरच्या विजेचे बघा. आमचे घर 1960 च्या सुमाराचे. इलेक्ट्रिशियनने गॅरेजमधल्या पॅनेलचे झाकण काढले तेव्हा मुख्य स्विच 100 अँपिअरचाच निघाला. पॅनेल बदलावे लागणार म्हणून आम्ही धसका घेतला होता. त्याने मात्र शेगडी, ड्रायर, वॉटर हीटर यांचा भार शांतपणे कागदावर मांडला आणि सांगितले की 30 अँपिअरची स्वतंत्र वायर ओढून चार्जर 24 अँपिअरवर ठेवला तरी तुमचे भागेल. तेवढ्यावर रात्रीच्या आठ तासांत दीडशे मैलांच्या आसपास चार्ज होतो, आणि आमच्या घरात कोणीही रोज साठ मैलांपेक्षा जास्त जात नाही. चार्जर बसवण्यावरची 30 टक्के, कमाल 1,000 डॉलरची फेडरल सवलत 30 जून 2026 पर्यंत चालू आहे, पण ती ठरावीक जनगणना विभागांतल्या घरांनाच मिळते, तेव्हा तुमचा पत्ता नकाशावर तपासून घ्या. तुमच्या प्रश्नात खरी तारीख कोणती असेल तर ती ही आहे.

सॅन होजेहून, 12 जानेवारी, रात्री

सर्वांस नमस्कार.

ताईंच्या पत्रातील जवळजवळ सर्व मुद्दे मला मान्य आहेत. केवळ भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी भर घालतो, कारण यादीवर असे सभासद बरेच आहेत. वर्षाला 12,000 मैल आणि एका युनिटला साडेतीन मैल धरले तर सुमारे 3,400 युनिट वीज लागते. पीजी अँड ई या इथल्या वीज कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीसाठीच्या दरपत्रकात मध्यरात्रीनंतर चार्ज केल्यास युनिटला 30 सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे वर्षाला हजार-अकराशे डॉलर. तीच वीज रस्त्यावरच्या जलद चार्जरवर 55 सेंटने घेतली तर 1,900 होतात, आणि गॅलनला 28 मैल देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला साडेचारच्या भावाने तेवढाच खर्च येतो. ज्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंग नाही, त्याने गाडीची किंमत कितीही उतरली तरी इंधनातून बचत होईल या भरवशावर ती घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

मात्र घरी चार्ज करण्याचा मार्ग भाडेकरूंना बंदच आहे असेही समजू नये. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे बहुतेक ठिकाणी भाडेकरू स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवू इच्छित असेल तर घरमालकाला नकार देता येत नाही. मी आमच्या व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज दिला तेव्हा उत्तर यायला पाच महिने लागले, म्हणून गाडी शोधायला लागण्याआधीच अर्ज द्यावा. विम्याचा आकडाही त्या विशिष्ट गाडीच्या क्रमांकावरून आधी काढून घ्यावा. मी पाहिलेल्या दोन गाड्यांच्या विम्यात वर्षाला सहाशे डॉलरचा फरक निघाला.

फ्रीमाँटहून, 18 जानेवारी

ताई आणि दादा, आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.

शनिवारी गाडी तपासून घेतली. इंजिन ठीक आहे, पण पुढचे सस्पेंशन फार दिवस टिकणार नाही आणि त्याला 1,800 डॉलर लागतील असे मेकॅनिकने सांगितले. एवढा पैसा तिच्यात घालायचा नाही असे आम्ही ठरवले आहे, त्यामुळे वर्षभर थांबण्याचा प्रश्न आपोआपच निकालात निघाला. आमचे घर सवलतीच्या नकाशात बसत नाही हेही पाहिले; तरीही इलेक्ट्रिशियनला येत्या गुरुवारी बोलावले आहे. लीजवरून परत आलेल्या 2023 च्या दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. आईला सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली की पाडव्याला गाडी दारात आली तर आनंदच आहे, पण मुहूर्तासाठी दोन हजार जास्त मोजू नकोस, पूजा मी अक्षय्य तृतीयेलाही करीन. म्हणून विक्रेत्याला 19 तारखेचे काहीही सांगितलेले नाही. भाव पटला नाही तर मार्चअखेरीस, तिमाहीचा आकडा गाठायची त्यांना घाई असेल तेव्हा, पुन्हा जाईन. गाडी घेताना बॅटरीचा अहवाल कसा वाचायचा याबद्दल ताईंना एकदा फोन केला तर चालेल का?