पायथन शिकायला कुठलं पुस्तक घेऊ? (कोल्हापूर, बजेट पाचशे)

करवीरकर:
नमस्कार मंडळी, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा सगळी मराठी मीडियम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय. आतेभावानं त्याचं जुनं पुस्तक दिलंय पण पहिलाच प्रोग्राम टाइप केला तर एरर, पुस्तकात प्रिंट लिहून पुढं सरळ अवतरणात वाक्य आहे, कंसच नाही. दुकानात एक हजार पानी ठोकळा दाखवतात नायतर झटपट शिका टाइपचं. काय घेऊ?

राजारामपुरीकर:
भावा तुझं काय चुकलेलं नाही, ते पायथन २ चं, म्हणजे जुन्या व्हर्जनचं पुस्तक आहे. ३ आलं डिसेंबर २००८ ला आणि २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. आता प्रिंटला कंस लागतोच. ते एररमुळं कळलं तरी, पण ७ भागिले २ जुन्यात ३ यायचं, आता ३.५ येतंय, तिथं एरर पण येत नाही. ठेवून दे ते बाजूला.

सी_प्रेमी:
आधी सी भाषा कर, केर्निघन-रिचीचं त्यावरचं पुस्तक वाच, पाया पक्का होतो.

क्लासवाली_ताई:
ते पुस्तक उत्तमच आहे पण १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८, आणि प्रोग्रामिंगची थोडी ओळख आहे असं धरूनच लिहिलंय, बीकॉमच्या पोराला पहिलंच ते देऊ नका.

करवीरकर, मी पोरांना पायथन शिकवते म्हणून जरा सविस्तर सांगते. दुकानात उभ्या उभ्या फॉर लूपचं, म्हणजे तेच काम परत परत करून घ्यायचं प्रकरण उघड. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवलीय त्यावर ती लूपमध्ये का बाहेर हे ठरतं, आणि स्वस्तातल्या पुस्तकांत छापताना सगळ्या ओळी डावीकडं चिकटवून टाकलेल्या असतात. १ ते ३ ची बेरीज घे, छापायची ओळ आत असली तर १, ३, ६ असं तीनदा येतं, बाहेर असली तर एकदाच ६. पुस्तकात हेच दिसत नसेल तर शिकणारा काय डोंबल समजणार! असलं पुस्तक फुकट दिलं तरी घेऊ नको. मग प्रकरणाच्या शेवटी स्वतः सोडवायची गणितं आहेत का बघ, नुसते प्रश्नोत्तरांचे प्रश्न नकोत.

खरं तर पैसे घालायच्या आधी ऑटोमेट द बोअरिंग स्टफ हे पायथनचं पुस्तक वाच, लेखकानं ते ऑनलाइन फुकट ठेवलंय, इंग्रजी सोपं आहे आणि एक्सेलच्या फायलींवर आख्खं प्रकरण आहे, कॉमर्सवाल्याला तेच पायजे. मराठी पुस्तक जोडीला घे की, पण एरर इंग्रजीतच येणार, ते वाचायची सवय पहिल्यापासून लाव.

राजारामपुरीकर:
+१. आणि करवीर नगर वाचन मंदिरात पण एकदा चक्कर टाक, काय मिळतंय बघ.

करवीरकर:
ताई खूप आभार, लूपचं नक्की बघतो. लॅपटॉप भावाकडं असतोय, तोवर मोबाइलवर चालेल का?

क्लासवाली_ताई:
वाचायला चालेल. कोड मात्र लॅपटॉप मिळेल तेव्हाच टाइप कर, रोज अर्धा तास मिळाला तरी बास, मोबाइलवर ओळी आत सरकवायला स्पेस देता देता जीव जातो.