मदत हवी आहे: तेलविहिरीच्या पंपाच्या मॉडेलमध्ये हवा अडकते

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, अंकलेश्वरकडे जमिनीतून कच्चं तेल उपसणारे डोलणारे पंप दिसतात, तसं चालतं मॉडेल करतोय. नळीच्या तळाशी स्थिर व्हॉल्व्ह, दांड्याला जोडलेल्या पिस्टनमध्ये फिरता व्हॉल्व्ह. दोन्हींत स्टीलची गोळी.

पाण्यावर छान चालतं. फेसाळ इंजिन ऑइल घातलं की पिस्टनखाली हवा साचते. स्ट्रोक ५ सेमी, पण पिस्टन खाली आल्यावरही दोन व्हॉल्व्हच्या मध्ये ३० सेमी जागा उरते. हवा ३५ वरून ३० सेमीत दाबली जाते, दाब जेमतेम सहाव्या हिश्शाने वाढतो. वर २ मीटर तेलाचा स्तंभ, त्यामुळे वरची गोळी उचलतच नाही. खऱ्या विहिरीतही गॅसमुळे पंप असाच अडतो.

व्हॉल्व्हमधली ही फट १ सेमीवर आणतोच आहे. पण फेस आत येण्याआधीच वेगळा करायला खाली गॅस अँकर (नळीत नळी बसवून गॅस वेगळा करणारा भाग) कसा बसवावा? आतली नळी किती बारीक, छिद्रं कुठे? खान्देशात कोणी लेथवाले गोळीसाठी नीट घासलेली सीट करून देतील का?