टाळीच्या आधी झेंडा बघायचा का?

कन्ना_चौक: परवा सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात भावगीतांचा कार्यक्रम होता. गायकाने पहिलं गाणं धरलं आणि शेजारचे काका पायाने चप्पल चाचपू लागले. तब्येत बरी नाही का, विचारलं. "तब्येतीला काय धाड भरलीय? निवडणुकीत याने त्यांच्यासाठी व्हिडिओ केला. बेसूर वाटतोय आता." गेल्या वर्षी याच काकांनी मला याच्याच मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. वर्षात गळा बिघडला की काकांचे कान?

चाटी_गल्ली: तिकीट काकांनी काढलं, उठायचा हक्कही त्यांचाच. गायक आपलं नाव घेऊन प्रचारात उतरतो, तेव्हा गळा आणि पक्ष एकच असतो. लोक चिडले की लगेच "कलेला राजकारणात ओढू नका". सोयीचं सोवळं झालं बे हे!

कन्ना_चौक: उठू देत की, खुशाल. "पटत नाही म्हणून ऐकत नाही" म्हणाले असते तर मीच त्यांना दारापर्यंत सोडलं असतं. सुराला कशाला बदनाम करायचं?

बार्शीलाईट: आमचे अमर शेख बार्शीचे, पक्के कम्युनिस्ट. अण्णाभाऊ साठ्यांबरोबर लालबावटा कलापथकात डफ घेऊन उभे राहिलेले. त्यांच्या शाहिरीतून राजकारण काढा बघू, नुसता डफ उरेल. अण्णाभाऊंची 'माझी मैना' घ्या. गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाने सुरू होते आणि बेळगाव-कारवारपर्यंत जाते. माझे आजोबा गिरणीत होते, जन्मभर काँग्रेसवाले. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी समिती त्यांना डोळ्यासमोर नको असायची. पण ही छक्कड लागली की बिडी विझेपर्यंत हलायचे नाहीत. मत मात्र काँग्रेसच्या बैलजोडीलाच!

चाटी_गल्ली: आजोबांना नमस्कार. पण सगळा राग पक्षाचाच असतो असं धरून चालू नका. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे. देवीचं त्यांचं चित्र पाहून आमची आई दुखावली. तिला पक्ष कुठला माहीत, ती दर एकादशीला वारी करणारी बाई. तिला "रेषेची ताकद बघा" म्हणायचं का?

कन्ना_चौक: नाही. तुमच्या आईंनी चित्र बघितलं आणि त्यांना लागलं, तो चित्रालाच दिलेला प्रतिसाद आहे. पण खटल्यांवर खटले झाले, 2006 मध्ये माणूस देश सोडून गेला, 2011 मध्ये लंडनला वारला. त्या गदारोळात ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी चित्र डोळ्यांनी पाहिलं होतं? आणि "हुसेन ग्रेट" म्हणणाऱ्यांपैकी तरी किती जणांनी?

शेंगाचटणी: दोघंही परक्याच्या गाण्यावर भांडताय. खरा घोळ आपल्याच माणसाच्या भिकार कवितेत होतो. 12 जानेवारीच्या आसपास कविसंमेलनाला बसून बघा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही चार नावं ओळीत घातली की यमक जुळो न जुळो, सभागृह उभं राहतं. 1931 ला फासावर गेलेल्या माणसांपुढे बसून राहायची हिंमत कुणाची? मीही उठतो. घरी येऊन वही उघडली की त्यातली एक ओळ आठवत नाही.

चाटी_गल्ली: टाळी हुतात्म्यांना असते, कवीला नाही.

शेंगाचटणी: कवीला कोण सांगणार हे? तो दुसरी वाचायला घेतो.